व्याज न घेणारा माणूस : अँटोनिओचं व्यक्तिचित्रण पायरीपायरीने

शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला व्यापारी कोण? वर्गात हा प्रश्न टाकला की कुणीतरी हमखास "शायलॉक" म्हणतं. चूक समजण्यासारखी आहे. लक्षात राहतो तो ज्यू सावकार शायलॉकच, आणि न्यायालयात निकाल फिरवते ती पोर्शिया. पण नाटकाला नाव मिळालं ते अँटोनिओवरून. एकूण २० प्रवेशांपैकी तो फक्त ६ प्रवेशांत दिसतो, आणि त्यातल्या एकात तर पाच-सहा ओळी बोलून निघून जातो. तरीही सगळं कथानक त्याच्या एका सहीवर उभं आहे : पोर्शियाशी लग्न करायला निघालेल्या आपल्या मित्रासाठी, बसानिओसाठी, शायलॉकच्या कर्जखतावर त्याने केलेली सही.

त्याच्यावर उत्तर लिहायची वेळ आली की नवखे विद्यार्थी अडतात ते इथेच. हाताशी ओळी थोड्या, आणि तोंडातलं पहिलंच वाक्य असं की मी इतका उदास का आहे, माझं मलाच कळत नाही. मग गाइडमधून उदार, सच्चा मित्र, खिन्न, सहनशील अशी चार विशेषणं उचलली जातात आणि प्रत्येकाखाली एकेक परिच्छेद लिहिला जातो. हे पात्र मला फार जवळचं वाटतं. म्हणूनच अशी उत्तरं वाचताना वाईट वाटतं, कारण ती चारही विशेषणं खरी असूनही त्यांत अँटोनिओ सापडत नाही.

खाली जी पद्धत देतो आहे ती बी.ए.ला हे नाटक नेमलेल्या मुलांसाठी आहे, वाचनगटात पहिल्यांदा शेक्सपिअर हातात घेणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्याच्या वाट्याला ही भूमिका आली आहे त्या नटासाठीही आहे. इंग्रजी फार चांगलं असायला हवं असं नाही. टिपा असलेली एक प्रत, एक वही आणि सलग तीन-चार संध्याकाळी एवढं पुरे.

पहिली पायरी : त्याचे प्रवेश वेगळे काढा

पूर्ण नाटक एकदा वाचून झालं की दुसऱ्या वाचनात फक्त अँटोनिओ वाचा. पहिल्या अंकाचा पहिला आणि तिसरा प्रवेश, दुसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशाचा शेवट, तिसऱ्या अंकाचा तिसरा, चौथ्याचा पहिला म्हणजे न्यायालयाचा, आणि पाचव्या अंकातला एकमेव प्रवेश. झाले सहा. यांना आणखी तीन जागा जोडा, जिथे तो रंगमंचावर नाही पण आहे. दुसऱ्या अंकाचा आठवा प्रवेश, जिथे मित्र त्याच्या निरोपाचं वर्णन करतात. तिसऱ्या अंकाचा पहिला, जिथे त्याची गलबतं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि शायलॉक त्याच्याविषयी बोलतो. आणि तिसऱ्याचाच दुसरा, जिथे त्याचं पत्र वाचलं जातं.

वहीत चार रकाने आखा : तो स्वतःविषयी काय म्हणतो, इतर त्याच्याविषयी काय म्हणतात, तो प्रत्यक्ष काय करतो, आणि हे सगळं कुणासमोर घडतं. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. तो गाळू नका. अँटोनिओ बसानिओसमोर एक माणूस आहे आणि शायलॉकसमोर दुसराच, आणि त्याचं व्यक्तिचित्रण या दोन माणसांच्या मधल्या जागेतच लिहायचं आहे.

एक व्यावहारिक सूचना. अँटोनिओच्या दोन मित्रांची नावं वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळी छापलेली असतात. सॅलरिनो, सॅलेरिओ, सोलॅनिओ यांचा गोंधळ १६०० सालच्या पहिल्या छापील प्रतीपासूनचा आहे. आपल्या प्रतीत जे नाव आहे तेच उत्तरात शेवटपर्यंत ठेवा आणि पुढे चला.

दुसरी पायरी : पहिल्या सात ओळींवर एक संध्याकाळ घालवा

खरोखर एक पूर्ण संध्याकाळ. या सात ओळी मोठ्याने वाचा. तो म्हणतो, या उदासीने मी थकलो आहे, तुम्हीही थकलात म्हणता. पण ही मला कशी लागली, कुठे सापडली, माझ्याकडे कशी आली, कोणत्या कापडाची आहे, कुठे जन्मली, ते मला अजून शिकायचं आहे. शब्दांकडे नीट बघा. 'लागली' हा आजाराचा शब्द झाला. पण 'कुठे सापडली', 'कशाची बनली आहे', 'कुठून आली' हे सगळे बाजारातले प्रश्न आहेत. मूळ इंग्रजीतल्या 'स्टफ' या शब्दाला त्या काळी कापडाचाही अर्थ होता. हा माणूस आपल्या दुःखाकडे मालाकडे पाहावं तसं पाहतो : गठ्ठा उलटसुलट करतो, पोत बघतो, कुठल्या बंदरातून आला ते विचारतो. आणि त्याला सांगता येत नाही. धंद्यात मुरलेल्या माणसाला आपल्याच घरात आलेल्या मालाची पावती सापडत नाही, अशी ही अवस्था आहे.

आता पाचवी ओळ मोजा. बाकीच्या ओळी दहा-अकरा अवयवांच्या (म्हणजे सिलेबल्सच्या) आहेत, ही चारच अवयवांची. उरलेली ओळ रिकामी. हे रिकामेपण नटासाठी फार मोलाचं आहे : तिथे थांबता येतं, मित्रांकडे बघता येतं, बघणं टाळताही येतं. उत्तर लिहिणाऱ्याने एवढं नोंदवलं तरी पुरे की हा माणूस उदासीचं वर्णन करता करता मध्येच अडखळतो.

मग मित्र निदान करू लागतात. पहिलं निदान गलबतांचं. तुझा जीव समुद्रावर हेलकावे खातो आहे, आम्ही तुझ्या जागी असतो तर गरम सूप फुंकतानाही वादळ आठवून हुडहुडी भरली असती. अँटोनिओ हे खोडतो ते हिशेबाने : माझा सगळा माल एका गलबतात नाही, एका ठिकाणी नाही, आणि माझी सगळी मालमत्ता या एका वर्षाच्या नशिबावर अवलंबून नाही. व्यवस्थित, मुद्देसूद उत्तर. दुसरं निदान प्रेमाचं : मग तू प्रेमात पडला आहेस. यावर तो एवढंच म्हणतो, छे, छे! ना मुद्दा, ना हिशेब. दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. लगेच निष्कर्ष काढू नका, पण एका आरोपाला पाच ओळींचं उत्तर आणि दुसऱ्याला दोन शब्दांचं, हा फरक विसरूही नका.

याच प्रवेशात, जेमतेम सव्वाशे ओळींनंतर, बसानिओ पैसे मागतो तेव्हा अँटोनिओ काय सांगतो ते वाचा. तुला माहीत आहे, माझी सगळी दौलत समुद्रावर आहे, माझ्याकडे रोकड नाही, तारण ठेवायला मालही नाही. मघाशी तर सगळी मालमत्ता एका डावावर नव्हती! मग मघाशी तो मित्रांना खोटं सांगत होता की स्वतःलाच समजावत होता? मला वाटतं, सॅलरिनो आणि सोलॅनिओ यांच्यासमोर अँटोनिओला भक्कम दिसायचं असतं, आणि बसानिओसमोर उघडं पडायला त्याची हरकत नसते. चौथा रकाना इथे पहिल्यांदा कामाला येतो.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. पुढच्याच प्रवेशात पोर्शिया येते आणि तिचं पहिलं वाक्यही थकल्याचंच आहे : या मोठ्या जगाने माझा छोटा देह थकून गेला आहे. तिची दासी नेरिसा तिला लगेच दटावते, आणि पोर्शियाचं कारण स्पष्ट असतं : बापाच्या मृत्युपत्राने तिला स्वतःचा नवरा निवडता येत नाही. दोन श्रीमंत, दोन थकलेली माणसं. एकाला कारण सांगता येतं, एकाला नाही. पुढे दोघांच्याही मधोमध बसानिओ उभा राहतो.

तिसरी पायरी : आजचं निदान लावू नका

अँटोनिओला नैराश्य आहे असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. आजचा शब्द वापरायला बंदी नाही, पण आधी त्या काळी लोकांना काय वाटत होतं ते माहीत हवं. हे नाटक साधारण १५९६-९७ मधलं. तेव्हाच्या युरोपीय वैद्यकात शरीरात चार द्रव मानत : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो. मेलँकली या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच काळं पित्त. आपल्याकडे वात-पित्त-कफ घरोघरी बोलण्यात असल्याने ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. तिथे तीन नाहीत, चार, एवढं लक्षात ठेवायचं. १५८६ मध्ये टिमोथी ब्राइट नावाच्या इंग्रज वैद्याने मेलँकलीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. म्हणजे प्रेक्षकांना खिन्न माणूस ओळखता येत होता, आणि ते त्याचं कारणही शोधत असणार.

म्हणूनच शेक्सपिअर इथे कारण देत नाही हे जास्त जाणवतं. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणला त्या हॅम्लेटशी तुलना करून पाहा. हॅम्लेट उदास का, हे पहिल्या अंकातच कळतं : बाप मेला, आईने दोन महिन्यांत दिराशी लग्न केलं. अँटोनिओच्या घरात कुणी मेलेलं नाही. त्याला घर आहे की नाही, हेही नाटक सांगत नाही.

माझा सल्ला असा : 'का' हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर ढकला. तो विचारायचाच नाही असं नाही. पण त्याचं एकच उत्तर शोधत बसलात तर सगळं पात्र एका कोड्याएवढं लहान होतं. त्याऐवजी विचारा, ही उदासी घेऊन तो काय करतो? याचं उत्तर संहितेत जागोजागी आहे.

चौथी पायरी : पैशाचा माग काढा

ही सगळ्यात मोठी पायरी. अँटोनिओच्या मनात शिरायची वाट त्याच्या व्यवहारातून जाते, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात 'गुड' या शब्दापासून. शायलॉक म्हणतो, अँटोनिओ गुड मॅन आहे. बसानिओला वाटतं, हा त्याच्या चांगुलपणाविषयी बोलतो आहे, आणि तो चिडून विचारतो, का, कुणी उलट बोललं का? शायलॉक समजावतो : तसं नाही हो, मला म्हणायचं होतं की त्याची पत चांगली आहे. मराठीत आपण 'भला माणूस' आणि 'पत असलेला माणूस' असे दोन वेगळे शब्द वापरू. इंग्रजीत तो एकच आहे, आणि नाटक त्या एका शब्दाच्या दोन अर्थांत अँटोनिओला उभं करतं. लगेच शायलॉक त्याची गलबतं मोजतो : एक ट्रिपोलीला, एक इंडीजकडे, तिसरं मेक्सिकोला, चौथं इंग्लंडला. पुढे बसानिओच्या तोंडी लिस्बन, बार्बरी आणि हिंदुस्थानही येतात. व्हेनिसच्या या व्यापाऱ्याचा एक धागा आपल्या किनाऱ्याकडेही आलेला आहे, हे वाचताना मी दर वेळी थांबतो.

आता व्याज. शायलॉक स्वतःशीच सांगतो की तो ख्रिस्ती आहे म्हणून मी त्याचा द्वेष करतो, पण त्याहून जास्त यासाठी की तो बिनव्याजी पैसे देतो आणि आमच्या व्याजाचा दर खाली आणतो. इंग्लंडातल्या प्रेक्षकाला हा वाद ताजा होता. तिथे १५७१ च्या कायद्यानंतर १० टक्क्यांपर्यंतचं व्याज खपवून घेतलं जाई, पण व्याज पाप आहे असं मानणारेही भरपूर होते. शायलॉक बायबलमधली याकोब आणि लाबानच्या मेंढ्यांची गोष्ट सांगतो. मेंढ्या वितात तसा माझा पैसा वितो, असा त्याचा मुद्दा. अँटोनिओ म्हणतो, मैत्रीने कधी मित्राकडून वांझ धातूची पिल्लं घेतली आहेत का?

या मेंढ्या वहीत लिहून ठेवा, कारण त्या न्यायालयात परत येतात. मरायला तयार झालेला अँटोनिओ बसानिओला सांगतो, मी कळपातला रोगट, खच्ची केलेला मेंढा आहे, मरायला मीच योग्य. शायलॉकच्या गोष्टीत मेंढ्या वितात. अँटोनिओ स्वतःसाठी निवडतो तो मेंढा कधीच प्रजा वाढवू न शकणारा. पैशाला वांझ म्हणणारा माणूस शेवटी स्वतःला वांझ म्हणतो. अशी एक प्रतिमा दोन प्रवेशांत पकडून दाखवली तर तुमचं उत्तर गाइडच्या पलीकडे गेलं समजा.

मग मुख्य प्रश्न येतो : व्याज न घेणाऱ्या माणसाला काय हवं असतं? बसानिओ आधीच त्याचा कर्जदार आहे. तो स्वतः कबूल करतो की पैशाने आणि प्रेमाने मी तुझाच सर्वांत जास्त देणेकरी आहे. आधीचे पैसे फिटलेले नाहीत, आणि हरवलेल्या बाणामागे दुसरा बाण सोडावा तसा तो आणखी मागतो. अँटोनिओ म्हणतो, माझी थैली, माझा देह, माझी शेवटची कवडी तुझ्या गरजेसाठी उघडी आहे. थैलीपाठोपाठ देह! कर्जखतात देह गहाण पडण्याच्या किती तरी आधी तो बोलण्यात गहाण पडला आहे. नंतर शायलॉक ३००० डुकॅटसाठी तीन महिन्यांची मुदत आणि पौंडभर मांसाची अट घालतो तेव्हा बसानिओ नको म्हणतो, आणि अँटोनिओच सही करायला उतावीळ होतो. दोन महिन्यांत या रकमेच्या नऊपट येणार आहे, असं तो सांगतो. हिशेब चुकला असेल, पण उतावीळपणा हिशेबातून आलेला नाही.

आता ते पत्र. तिसऱ्या अंकात पोर्शियाच्या घरी, बेलमाँटला पोहोचलेलं. एरवी पद्यात बोलणारा अँटोनिओ इथे गद्यात लिहितो. गलबतं गेली, सावकार क्रूर झाले, मुदत संपली, मी आता जगत नाही. तुझ्या-माझ्यातली सगळी देणी फिटली, जर मरताना मला तू एकदा दिसलास तर. तरीही तुझी मर्जी. तुझं प्रेम तुला इकडे आणत नसेल, तर माझ्या पत्राने येऊ नकोस. हे पत्र दहादा वाचा. त्यात माफी आहे आणि माफीला अट आहे. येऊ नकोस म्हणता म्हणता तो न येणं अशक्य करून टाकतो. माझ्या मते त्याचं व्याज हेच : त्याला बसानिओने तिथे असायला हवं आहे, बघायला हवं आहे. पुढच्याच प्रवेशात तुरुंगाच्या रखवालदाराबरोबर जाताना तो म्हणतो, देवा, त्याचं कर्ज मी फेडतो आहे हे बघायला बसानिओ येऊ दे, मग मला कशाचीच पर्वा नाही. न्यायालयात निरोप घेताना तर तो हे उघडच मागतो. तुझ्या बायकोला माझ्या मरणाची हकीकत सांग, मी तुझ्यावर किती प्रेम केलं ते सांग, आणि तिलाच ठरवू दे की बसानिओवर कधी कुणाचं प्रेम होतं की नव्हतं.

याला स्वार्थ म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्याने कधी काही मागितलं नाही त्याने आयुष्यात एकदा मागितलेली ही गोष्ट आहे, आणि ती मागायला त्याला मरणाचं निमित्त लागलं. पण तुम्ही म्हणालात तर तुमच्या बाजूनेही पुरावा आहे. व्यक्तिचित्रणात दोन्ही बाजूंचा पुरावा मांडून मग आपलं मत सांगावं.

पाचवी पायरी : थुंकणारा अँटोनिओ

ही पायरी टाळून लिहिलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं. हाच हळवा, उदार माणूस रिआल्टोवर, म्हणजे व्हेनिसच्या भर बाजारात, शायलॉकला कुत्रा म्हणतो, त्याच्या झग्यावर थुंकतो, त्याला लाथ मारतो. शायलॉक हे तोंडावर बोलून दाखवतो तेव्हा अँटोनिओ नाकारत नाही, लाजतही नाही. तो म्हणतो, मी पुन्हा तसंच म्हणेन, पुन्हा थुंकेन, पुन्हा लाथाडेन. पैसे द्यायचे तर मित्र समजून देऊ नकोस, शत्रू समजून दे.

त्या काळी सगळेच असे वागायचे, या एका वाक्यावर हे सोडून देऊ नका. संदर्भ मात्र द्या. व्हेनिसमध्ये १५१६ पासून ज्यूंना एका वेगळ्या वस्तीत राहावं लागे, आणि रात्री तिचे दरवाजे बंद होत. घेट्टो हा शब्द तिथूनच जगभर गेला. इंग्लंडने तर १२९० मध्येच ज्यूंना हद्दपार केलं होतं, त्यामुळे शेक्सपिअरच्या बहुतेक प्रेक्षकांनी उघडपणे ज्यू म्हणून जगणारा माणूस पाहिलेलाही नसणार. पण संदर्भ देणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी. शायलॉकचं प्रसिद्ध भाषण, ज्यूला डोळे नसतात का असं विचारणारं, सुरू होतं तेच अँटोनिओच्या वागण्याच्या यादीने : त्याने माझी अप्रतिष्ठा केली, माझ्या नुकसानीला हसला, माझ्या जातीचा तिरस्कार केला. अँटोनिओचं व्यक्तिचित्रण लिहिताना हा साक्षीदार वगळता येणार नाही.

दोन जागा जोडून दाखवा. करार झाल्यावर शायलॉक आत जातो तेव्हा अँटोनिओ हसत म्हणतो, हा हिब्रू आता ख्रिस्ती होणार, दयाळू होत चालला आहे. पहिल्या अंकात हा विनोद आहे. चौथ्या अंकात, शायलॉक हरल्यावर, ती अट होते : त्याने ताबडतोब ख्रिस्ती व्हावं. ही अट व्हेनिसच्या शासकाने, ड्यूकने घातलेली नाही, पोर्शियानेही नाही. ती अँटोनिओची आहे. त्याच वेळी शायलॉकची अर्धी मालमत्ता तो जावई लोरेन्झोसाठी विश्वस्त म्हणून 'यूज'मध्ये ठेवायला मागतो. व्याजासाठीही तेव्हा हाच शब्द चाले. काही प्रेक्षकांना ही अट त्या काळी कृपा वाटली असेल, आत्मा वाचवणारी. आज वाचताना ती माणसाच्या उरल्यासुरल्या अस्तित्वावर मारलेली शिक्कामोर्तबाची मोहर वाटते. १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नात हे नाटक ज्यूद्वेष पेटवण्यासाठी रंगवलं गेलं, हे माहीत असलेल्या वाचकाने या ओळीवरून घाईने पुढे जाऊ नये.

मग हे दोन अँटोनिओ एकत्र कसे बांधायचे? एक वाट मी सुचवतो. बाजारातला एकच माणूस त्याला व्यापार म्हणजे काय याची आठवण करून देतो, आणि तो शायलॉक. अँटोनिओला पैसा मैत्रीसाठी आहे असं मानायचं आहे, शायलॉक उघड म्हणतो की पैसा पैशासाठी आहे. पोर्शिया वकिलाच्या वेषात येऊन पहिलाच प्रश्न विचारते, यातला व्यापारी कोण आणि ज्यू कोण? कपड्यांवरून ते सहज कळायला हवं होतं. प्रश्न तरीही विचारला जातो. ही वाट पटली नाही तर दुसरी शोधा, पण दोन परिच्छेद लिहून मधे 'तथापि' घालू नका.

सहावी पायरी : बसानिओवरचं प्रेम, शब्द जपून

अँटोनिओचं बसानिओवर प्रेम आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणत्या प्रकारचं, यावर. सोलॅनिओ म्हणतो, मला वाटतं, हा जगावर प्रेम करतो ते केवळ त्याच्यामुळे. निरोपाच्या वेळी डोळे भरून आले म्हणून अँटोनिओ तोंड फिरवतो आणि हात मागे करून बसानिओचा हात दाबतो. हे दृश्य आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि म्हणूनच ते जास्त खासगी वाटतं. पोर्शियाही त्याला 'माझ्या स्वामींचा जिवलग' म्हणते, आणि तिथे मूळ शब्द 'लव्हर' आहे. त्या काळी हा शब्द गाढ मित्रासाठीही सर्रास चाले. तेव्हा केवळ शब्दावरून पुरुषावरच्या अनुरक्तीचा निर्णय देऊ नका, आणि तो अर्थ शक्यच नाही असंही ठोकून देऊ नका. आज अनेक दिग्दर्शक आणि अभ्यासक तसा अर्थ लावतात, आणि 'छे, छे' पासून शेवटच्या प्रवेशापर्यंत त्यांना पुरावा मिळतो.

इथे मूळ कथेची मदत होते. 'इल पेकोरोने' या इटालियन कथासंग्रहात, जो १५५८ मध्ये छापला गेला, सावकाराकडून कर्ज काढणारा अन्साल्डो हा त्या तरुणाचा धर्मपिता आहे, वयाने मोठा. शेवटी त्याचंही लग्न लावून देतात, नायिकेच्या दासीशी. शेक्सपिअरने धर्मपित्याचा मित्र केला, दासीचं लग्न बसानिओचा मित्र ग्रॅशियानो याच्याशी लावलं आणि अँटोनिओला एकटं ठेवलं. हे तिन्ही बदल लेखकाने जाणूनबुजून केलेले आहेत. उत्तरात एवढंच लिहिलं तरी परीक्षकाला कळतं की तुम्ही विचार केला आहे.

अंगठीचा प्रसंगही विसरू नका. वकिलाच्या वेषातली पोर्शिया अंगठी मागते, बसानिओ नाही म्हणतो, आणि मग अँटोनिओ मधे पडतो : दे त्याला अंगठी, त्याची योग्यता आणि माझं प्रेम एका पारड्यात घाल, बायकोची आज्ञा दुसऱ्यात. तराजू इथेही आलाच. या वेळी अँटोनिओ जिंकतो, एका रात्रीपुरता.

सातवी पायरी : लिहायला बसा

सुरुवात विशेषणाने करू नका. 'अँटोनिओ हा अत्यंत उदार व खिन्न स्वभावाचा व्यापारी आहे' या वाक्यानंतर लिहिण्यासारखं काही उरत नाही. सुरुवात कृतीने करा, आणि त्या कृतीतून प्रश्न उभा करा. एक नमुना :

'अँटोनिओ बिनव्याजी कर्ज देतो, आणि याच गोष्टीचा त्याला अभिमान आहे. पण मुदत संपल्यावर तो बसानिओला लिहितो की मरताना तू दिसलास तर सगळी देणी फिटली. पैशावर व्याज न मागणारा माणूस इथे प्रथमच काही परत मागतो. पहिल्या प्रवेशात ज्या उदासीला त्याच्याकडे नाव नव्हतं, तिला या पत्रात एक चेहरा मिळतो, जरी तो स्वतः ते कबूल करत नाही.'

चार वाक्यं, दोन प्रवेश, एक मत. पुढचा परिच्छेद थुंकण्याचा घ्या, त्यानंतर मेंढ्याचा. प्रत्येक परिच्छेदात संहितेतली निदान एक जागा हवीच. अंक-प्रवेश लिहिला की पुरे, अख्खी ओळ पाठ नसेल तरी चालतं. आणि 'मला वाटतं' लिहायला भिऊ नका, फक्त त्यापुढे 'कारण' आलं पाहिजे.

वेळ असेल तर एकदा उलट करून पाहा : तुमचंच उत्तर शायलॉकच्या बाजूने वाचा. मग पोर्शियाच्या. जे वाक्य तिघांच्याही नजरेत टिकतं ते ठेवा.

शेवटची पायरी वहीत लिहायची नाही, चितारायची आहे. पाचवा अंक, बेलमाँट, चांदणी रात्र. अंगठीच्या भांडणाचं निमित्त आपणच, हे अँटोनिओ कबूल करतो आणि बसानिओसाठी पुन्हा जामीन राहतो. पूर्वी देह गहाण ठेवला होता, आता आत्मा. या वेळी बसानिओ बायकोशी एकनिष्ठ राहील याची हमी तो देतो. पोर्शिया अंगठी बसानिओच्या हाती सरळ देत नाही, अँटोनिओकरवी देते. मग ती त्याला पत्र देते की तीन गलबतं भरून सुखरूप बंदराला लागली. ते पत्र तिला कसं मिळालं, हे ती सांगत नाही. तो म्हणतो, मी नि:शब्द झालो. थोड्या वेळाने तिचे आभार मानतो, माझं जीवन आणि माझी उपजीविका दोन्ही तुम्ही दिलंत म्हणतो, आणि त्यानंतर नाटक संपेपर्यंत एक अक्षर बोलत नाही. बसानिओ आणि पोर्शिया, ग्रॅशियानो आणि नेरिसा, लोरेन्झो आणि शायलॉकची मुलगी जेसिका. तीन जोड्या घरात जायला निघतात.

एका कागदावर रंगमंच काढा, दार काढा, सहा ठिपके दाराकडे जाताना दाखवा. सातवा ठिपका कुठे ठेवायचा ते तुम्ही ठरवा, आणि तिथेच का, ते खाली तीन ओळींत लिहा.